डीपीवरचे देव आणि खाली उभा मी

सगळ्यात आधी एक खुलासा करतो, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळा. मी कायम खिशात हात घालून आणि डोळे अर्धे मिटून उभा असलेला माणूस नव्हतो. हात खिशात असायचा हे खरं, पण त्या हातात चावी असायची. आणि नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी खांबाच्या टोकाकडे डोळे सताड उघडून कसं बघायचं, हे कोणाला ठाऊक असेल तर त्याने मला येऊन शिकवावं. निवृत्त झालो असलो तरी शिकायची तयारी आहे.

खुलासा करायची वेळ ऋतुजामुळे आली. ऋतुजा म्हणजे आमच्या नत्थूजीची नात. कॉलेजात शिकते आणि मोबाइलवर कादंबऱ्या लिहिते. कादंबऱ्या म्हणजे जाडजूड नव्हेत, चहा निवायच्या आत एक भाग संपेल एवढ्याच. मध्ये मध्ये जपानी धाटणीची चित्रं, बशीएवढे डोळे, वाऱ्यावर उडणारे केस. मालिकेचं नाव 'डीपीवरचे देव'. दोन खांबांच्या मध्ये बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरला सारं नागपूर डीपी म्हणतं, तीच ही डीपी. गोष्टीत वीज खात्यातल्या चार जणांची टोळी आहे. तिघांच्या अंगी अद्भुत शक्ती आहेत. चौथ्याच्या अंगी काही नाही. तो आपला गोष्ट सांगतो आणि सांगता सांगता सगळ्यांना टोमणे मारतो. तो चौथा मी.

"पुंडलिक आबाजी, वाचकायले सगळ्यात जास्त तुमीच आवडता," ऋतुजा मला फोनवर म्हणाली.

"काहून वं?"

"तुमच्यात काहीच नाही ना, म्हणून."

मी फोन ठेवला आणि बायकोकडे न्याय मागायला गेलो. तिने चष्मा लावून दोन भाग वाचले. म्हणाली, "पोरीनं काय खोटं लिहिलं? घरी बी तुमी असेच बोलता." माझ्याच घरात माझं अपील फेटाळलं गेलं, तेव्हा दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी लिहायला सांगितल्यावर मी लगेच हो म्हटलं. इथे तरी माझी बाजू छापून येईल.

तर आम्ही चौघे खरोखरच होतो. पूर्व नागपुरातली ब्रेकडाउन गँग. वीज गेली की जी माणसं जीपमधून येतात, आणि ज्यांचं स्वागत लोक 'या' म्हणून न करता 'आता आले काय?' म्हणून करतात, ती ब्रेकडाउन गँग.

मंगलाबाई तक्रारीच्या फोनवर बसायच्या. त्यांचा कान ही खरोखर अजब चीज होती. फोन करणारा माणूस पत्ता कधी धड सांगत नाही. 'आमच्याकडे लाइट नाही' एवढं सांगतो आणि शिव्या सुरू करतो. मंगलाबाई त्या शिव्यांच्या मागचं ऐकायच्या. पिठाची गिरणी, शाळेचा गोंगाट, म्हशी. लकडगंजात आरा मशिनी फार, दिवसभर लाकूड कापतात. "आरा बंद आहे, म्हणजे लकडगंजच गेलं," असं त्या म्हणायच्या आणि जीप निघालेली असायची. ऋतुजाच्या चित्रात त्यांचा कान निळा चमकतो आणि कंबर मुठीत मावते. मंगलाबाईंनी ते चित्र फ्रेम करून घरात लावलं आहे. त्यांची अर्थातच काही तक्रार नाही.

शकूरभाई आमचा चढणारा. शिडी टेकवेपर्यंत हा अर्ध्या खांबावर. पण त्याची खरी करामत जिभेत होती. चिडलेल्या माणसांचा घोळका दिसला की हा त्यांच्यात घुसायचा, आणि थोड्या वेळाने तीच माणसं हसून हसून त्याला चहा पाजत असायची. आम्हाला नाही. त्याला.

आणि नत्थूजी. नत्थूजीचा उलटा हात. घरात येते तेवढ्या दाबाच्या तारेला तो उजव्या हाताच्या बोटाची मागची बाजू हलकेच टेकवायचा आणि सांगायचा, "मेली आहे" किंवा "जिती आहे". जिवंत तारेचा त्याला म्हणे फक्त झिणझिण भास व्हायचा. तुम्हाआम्हाला काय होईल ते सांगायला आपण उरणार नाही. हात जोडून सांगतो, कोणी करून पाहू नका. पण लोक ते बघायला जमायचे. साहेब लोकसुद्धा पाहुण्यांना घेऊन यायचे. नत्थूजी कधी चुकला नाही, आणि दुःख याचंच आहे. एकदा जरी थोडासा चुकला असता, तर मला पुढे इतका त्रास झाला नसता.

माझं काम आता सांगतो. वाचताना जांभई आली तर खुशाल द्या, सवय आहे मला. तारेवर काम करायचं तर आधी उपकेंद्राकडून लाइन बंद केल्याचा परवाना घ्यायचा. मग डीपीवरचा स्विच ओढायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची, म्हणजे कोणी उत्साही माणूस येऊन स्विच परत टाकणार नाही. मग ज्या खांबावर काम आहे त्याच्या दोन्ही बाजूंना, लांब दांड्याने तारांवर साखळी अडकवायची. ही साखळी सगळ्या तारा एकमेकींना बांधते आणि जमिनीलाही बांधते. चुकून कुठून वीज आलीच तर ती साखळीतून जमिनीत जाते, माणसातून जात नाही. दोन्हीकडच्या साखळ्या लागल्या की खालून ओरडायचं, "लागली!" झालं. हीच माझी अद्भुत शक्ती. हिचं चित्र निघत नाही, हे मलाही कळतं.

पण गँगमध्ये साखळीला फार वेळ लागतो असं सगळ्यांचं मत. साहेबांचं, शकूरभाईचं, गल्लीतल्या लोकांचं. एकदा संक्रांतीला एक गृहस्थ मला म्हणाले, "अहो, दोन तासांपासून माझी पतंग तारेले अटकून आहे, आन तुमी साखळ्या कायले खेळून राहिले?" आम्ही पतंग काढायला आलो आहोत असा त्यांचा समज होता. नाही म्हटलं तर ऐकवलं, "बिल भरतो मी." आणखी एक बाई रोज संध्याकाळी फोन करून सांगायच्या की आमच्या घरी लाइट पिवळा येतो, शेजारी पांढरा येतो, आमच्या हिश्शाचा पांढरा ते ओढून घेतात. मंगलाबाईंनी त्यांचा आवाज ओळखून फोन थेट माझ्याकडे द्यायचा प्रघात पाडला होता. असल्या कामाला मी. बल्ब बदला, हे त्यांना पटवायला मला एक अख्खा उन्हाळा लागला.

आता लकडगंजची गोष्ट. ऋतुजाने ही सहाव्या भागात लिहिली आहे आणि माझं डोकं फिरलं ते तिथेच.

नवतपा चालू होता, मे अखेरचे ते नऊ भाजून काढणारे दिवस. नागपूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांनी एवढंच समजावं की त्या दिवसांत कूलर बंद पडला तर घरातली म्हातारी माणसं भिंतीला ओला टॉवेल लावून बसतात. दुपारी लकडगंजातल्या एका गल्लीची तार खांबावरच जळाली. आम्ही पोहोचलो तेव्हा सारी गल्ली रस्त्यावर होती. दुकानदार, हमाल, आरा मशीनवाले, आणि कोणाच्या तरी घरून खुर्चीसकट उचलून आणलेले एक आजोबा, आमच्याकडे बोट दाखवायला.

परवाना मिळाला होता. मी स्विच ओढला, कुलूप लावलं, चावी खिशात टाकली. वळून बघतो तर शकूरभाईच्याही आधी नत्थूजी खांबावर. त्या काळी तो जीपमधून उतरला की थेट खांबावरच जायचा. वरून त्याने उलटं बोट टेकवलं आणि खाली ओरडला, "मेली आहे!" गल्लीने टाळ्या वाजवल्या.

"हात काढ," मी ओरडलो. "साखळी लागायची आहे."

"माह्या हातावर भरोसा नाही काय गा तुले?"

"हातावर आहे. गल्लीवर नाही."

यावर गल्ली खवळली. कोणी तरी म्हणालं, "हा चाबीवाला कोण होय? याले बसवा गाडीत." शकूरभाई माणसांत शिरला आणि त्याने आपलं गप्पांचं दुकान उघडलं. लोक हसायला लागले. मी शिव्या खात एका बाजूची साखळी लावली, मग दांडा घेऊन घोळक्यातून वाट काढत दुसऱ्या बाजूला गेलो. नत्थूजी वरून सांगत होता की साखळी मधात येते, तार ओढता येत नाही, काढ ती. मी दुसरीही लावली आणि ओरडलो, "लागली!" तोवर त्याने दोन्ही हातांत तार धरलेली होती.

शकूरभाईचं बोलणं ऐकायला सगळे थांबले होते, एक जण सोडून. कोपऱ्यावरच्या थंड पेयांच्या दुकानाचा मालक. त्याचा माल गरम होत चालला होता. तो आत गेला आणि त्याने जनरेटर सुरू केला. जनरेटर लावताना घराची तार बाहेरच्या तारेपासून तोडणारा एक स्विच बसवावा लागतो. तो त्याने बसवला नव्हता. त्याच्या जनरेटरची वीज त्याच्या दुकानात गेली तशीच बाहेर, खांबांवरच्या तारेतही आली.

माझ्या हाताजवळच्या साखळीवर ठिणग्यांचा फवारा उडाला. फटाक्यासारखा आवाज झाला. दुकानातून धूर आला आणि जनरेटर गुरगुरून बंद पडला. शकूरभाईचं वाक्य अर्धंच राहिलं. मी वर पाहिलं. वर बघण्याची इतकी भीती मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. नत्थूजीच्या घरी तेव्हा तीन लेकरं होती आणि ती सगळी मला काका म्हणायची.

नत्थूजी तार हातात धरून तसाच बसला होता. काही झालं नव्हतं. साखळीने आपलं काम केलं होतं. त्याचा हात मुळीच चुकला नव्हता, त्याने सांगितलं तेव्हा तार मेलेलीच होती. पण हात फक्त आत्ताचं सांगतो. थोड्या वेळाने कोण काय करणार आहे, हे कोणाच्याच हाताला कळत नाही. म्हणून साखळी लागते.

तो बराच वेळ खाली उतरला नाही. उतरला, माझ्यासमोर उभा राहिला. गळ्यात पडेल, निदान पाणी मागेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "तुही साखळी मधात येत होती गा." आणि जीपमध्ये जाऊन बसला. पुढे त्या विषयावर तो एक अक्षर बोलला नाही.

या प्रसंगानंतर नत्थूजी सुधारला असेल असं कोणाला वाटेल. कुठला सुधारतो? उलट त्याला खर्रा घोटायचा नाद लागला. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना. प्लास्टिकच्या तुकड्यात बांधून तळहातावर घासत बसायचं, नागपुरात जागोजागी हेच चालतं. नत्थूजी आता जीपमधून उतरला की खांबाच्या बुडाशी उकिडवा बसायचा आणि घोटत राहायचा. गल्ली ओरडतेय, साहेब फोन करताहेत, मी उन्हात दोन्हीकडे दांडा घेऊन धावतोय, आणि हा महापुरुष घोटतोय. मी टोमणे मारून थकलो. "नत्थूजी, खर्रा झाला की सांग, तोवर आम्ही सगळे लेकरांची लग्नं उरकून घेतो," असं मी म्हणायचो. तो मान वर करायचा नाही. माझं "लागली!" झालं की उठायचा, पुडी तशीच खिशात टाकायचा आणि चढायचा. निवृत्तीपर्यंत हाच तमाशा. त्याचं वाट पाहायला लावणं मला कधी सहन झालं नाही.

ऋतुजाच्या सहाव्या भागात लकडगंजात काय होतं? नत्थूजीच्या हाताला जनरेटर सुरू होण्याच्या आधीच वास येतो. हाताला वास! तो एका हाताने वीज अडवतो, बोटांतून निळा प्रकाश निघतो, गल्ली वाचते. साखळी नाही. खाली मी उभा आहे, खिशात हात घालून, आणि म्हणतो, 'झालं का? भूक लागली आहे.'

याच्यावर हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या जुन्या उपकेंद्रात कंत्राटावर लागलेली नवी माणसं हीच मालिका वाचतात. त्यातला एक, लग्न झालेला, घरी बाळ असलेला माणूस मला बाजारात भेटला आणि कौतुकाने म्हणाला, "काका, नत्थूजी बोट कसं टेकवत होते? मी बी करून पाहिलं, जमून राहिलं थोडं थोडं." माझ्या हातातली भाजीची पिशवी गळून पडली. मी त्याला तिथेच, टमाट्यांच्या ढिगापुढे, इतका झापला की भाजीवाली मध्ये पडली.

दुसऱ्या दिवशी मी बस धरून खापरखेड्याला गेलो. नत्थूजीचा मुलगा तिथल्या वीज केंद्रात नोकरीला आहे, म्हातारा त्याच्याकडेच वसाहतीत राहतो. घरी तो होता आणि ऋतुजा होती. मी पाणीसुद्धा न पिता सुरुवात केली. कंत्राटी माणसाची गोष्ट सांगितली. ऋतुजाचा चेहरा उतरला.

"मी साखळी टाकली होती आबाजी आधी," ती म्हणाली. "पन तो भाग बोरिंग होऊन राहिला होता. आन मले खरंच वाटलं का हातानंच वाचवलं. घरी सगळे तसंच सांगतेत."

"सांग तिला नत्थूजी," मी म्हटलं. "लकडगंजात तुझ्या हातानं वाचवलं की साखळीनं? आज सांगच."

नत्थूजीने माझ्याकडे पाहिलं. मिश्या पांढऱ्या झाल्यात, टक्कल होतं तसंच आहे. विचार करून म्हणाला, "साखळी मधात येत होती."

मी निघालोच होतो. चपलेत पायही घातला होता. अशा माणसासाठी मी ऊन खात इतकी वर्षं दांडा धरला, याचा मला खरोखर संताप आला होता. ऋतुजा मला थांबवायला उठली, मला वारा लागावा म्हणून तिने खिडकीजवळचा कूलर माझ्याकडे वळवायला हात लावला आणि किंचाळून मागे सरली.

"आबाजी, कूलर करंट मारून राहिला!"

नत्थूजी उठला. या बाबतीत त्याचं वय आडवं येत नाही. सरळ कूलरकडे गेला, उजवा हात पुढे. पत्र्याचा कूलर, आत पाणी, खाली ओली फरशी, आणि हा सत्तरी ओलांडलेला हात. मी एक चप्पल घालूनच भिंतीवरच्या बटणाकडे धावलो.

पण तो कूलरपासून हातभर अलीकडे थांबला होता. थांबून तळहातावर तळहात घासत होता, सावकाश, गोल गोल. हातात खर्रा नव्हता. तोंडात फोड आली तेव्हा डॉक्टरने खर्रा कायमचा बंद केला, हे मला माहीत होतं. तो रिकामे हात घोटत होता, आणि कूलरकडे नाही, माझ्याकडे पाहत होता.

मी बटण बंद केलं. पिन ओढून काढली. ती हातात तशीच धरून मी उभा राहिलो.

"लागली काय गा?" नत्थूजीने विचारलं.

साखळी नव्हती, खांब नव्हता. पण माझ्या तोंडून तेच निघालं. "लागली."

त्याचे हात थांबले. मग त्याने कूलरला हात लावला, मागची जाळी काढली आणि भिजलेली तार शोधायला लागला.

लकडगंजनंतर त्याने माझ्या "लागली" आधी एकदाही तारेला हात लावला नव्हता. एकदाही नाही. साऱ्या नागपुरासमोर 'मी पुंडलिकच्या साखळीची वाट पाहतो' असं म्हणायला त्याची जीभ वळली नाही, म्हणून तो घोटत बसला. आणि मी मूर्ख त्याला आळशी म्हणत राहिलो. माझे डोळे भरून आले. मी त्याचा दोष कूलरच्या वाऱ्याला दिला असता, पण कूलर बंद होता.

ऋतुजा आम्हा दोघांकडे बघत होती. तिने आजोबांना विचारलं, "आबाजी, तुमी हात कायले चोळत होते?"

नत्थूजी कूलरमध्ये डोकं घालून होता. आतूनच म्हणाला, "यानं पिन काढेपरेंत थांबा लागते. तवाही लागत होतं, आताही लागते. लिहून घे." मग म्हणाला, "आन याले म्हण, ती दुसरी चप्पल घाल. ओल्या फरशीवर उघड्या पायानं उभा आहे, इतकी वर्षं नोकरी करून."

ऋतुजाने सहावा भाग नव्याने लिहिला आहे. त्यात दोन्ही साखळ्या आहेत, कुलूप आहे, चावी आहे. बोटांतला निळा प्रकाश तिने काढून टाकला. त्या कंत्राटी माणसाला मी तो भाग स्वतः पाठवला आणि वाचून झाल्याचा फोन आल्यावरच जेवायला बसलो. शेवटच्या चित्रात नत्थूजी खांबाच्या बुडाशी बसून हात घोटतो आहे आणि वर न पाहता कोणाची तरी वाट बघतो आहे.

मी आहे त्याच्याशेजारी. अजूनही खिशात हात घालून.